गावातली एकच कायम नोकरी

गळ्यात निळी फीत आणि फितीला कार्ड लटकत असलं, की त्या मुलाची नोकरी कायम, असं मानणारी एक शहाणी पनवेलमध्ये राहत होती. वय अठ्ठावन्न, अक्कल अठरा. नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, केसांना मेंदी, चष्म्याला सोनेरी दांड्या, आणि जन्मभर भूगोल शिकवल्यामुळे जगाचा नकाशा आपल्याला विचारूनच काढलाय अशी चाल. ती बाई म्हणजे मी. बंदराजवळच्या कंटेनर यार्डात कामाला असलेल्या एका मुलाला मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "नोकरी कायम आहे ना रे?" तो बिचारा कार्ड पुढे करून म्हणाला, "हो बाई, हे बघा ना. दर वर्षी नवीन मिळतं." मी घरी येऊन यजमानांना सांगितलं, "काय कंपनी आहे हो! कार्डसुद्धा दर वर्षी नवं देतात." यजमान पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणाले. त्यांना तेव्हाच कळलं असावं. नोकरीच वर्षाची, म्हणून कार्ड वर्षाचं. चौथीतल्या पोरालाही जे सुचलं असतं ते मला सुचलं नाही, आणि त्याची भरपाई मी नव्हे, ठमायनं केली.

ठमाय ही पनवेलजवळच्या कोन भागातल्या एका आगरी गावातली धवलारीण. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, पण त्याच्याआधी आणि गावाच्या लेखी त्याच्याहून वर धवलारीण असते. ती गाणी म्हणत मांडवात देव बोलावते, पितर बोलावते, हळद लावते, आणि नवऱ्या-नवरीचं कूळ, गाव, कामधंदा सगळं गाण्यात गुंफते. तिनं गाइल्याशिवाय जुनी माणसं लग्न लागलं असं मानत नसत.

तिची नात दर्शना माझ्या वर्गात होती. आठवडी बाजार उरकून ठमाय शाळेच्या पायरीवर नातीची वाट बघत बसे. उंच, काळीभोर, गुडघ्यापर्यंत ओढून कसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. बसायची अशी, की येणाऱ्याजाणाऱ्यानं बाजूनं जावं. शिपायानं कधी कपात चहा आणला तर परत पाठवायची. "मी धवलारीन हाय रं. मना कपान नको, पेल्यान आन." साखर तीन चमचे. माझा एक स्टीलचा डबा तिनं लोणच्यासाठी म्हणून नेला तो कधीच परत आला नाही. विचारलं तर म्हणे, "डबा तुजा व्हता, पन लोनचा माजा हाय ना त्यान? मंग कसा देऊ?"

एकदा तिनं खिडकीबाहेर बसून माझा अख्खा तास ऐकला. मी फळ्यावर किनारा काढून मुलांना सांगत होते, बंदर आलं की रस्ते येतात, रस्ते आले की कारखाने येतात, कारखाने आले की रोजगार येतो. बाण काढून दाखवत होते. बाण काढायला खडू फार थोडा लागतो. तास संपल्यावर ठमाय म्हणाली, "मास्तरीन, रस्ते आयले ते मी बगितले. कंटेनर बी आयले. त्याचे फुडचा तुजा बान कुठं अडाकला?"

"विकासाला वेळ लागतो, ठमाय," मी पुस्तकातलं वाक्य पुस्तकातल्याच आवाजात म्हटलं.

"लागू दे गो. आमाला कुठं जायाचा हाय? जमीन तं गेली."

जमीन गेली, पैसा आला, त्या पैशांतून तिच्या मुलानं दुमजली बंगला बांधला. खाली गुळगुळीत लाद्या, वर भाड्याच्या खोल्या. खोल्यांत उत्तरेकडची मुलं राहायची. पहाटे यार्डात जायची, अंधार पडल्यावर परतायची. ठमायचे दोन्ही नातू दारातल्या गाडीला टेकून मोबाइल बघत उभे असायचे. ठमाय म्हणायची, "माजे घरान भाड्यानं रातान ते कामाला जातान, न माजे घरचे घरान बसतान." मी म्हटलं, "मग त्या मुलांचा राग येत असेल." तर माझ्यावरच खेकसली, "त्यांचा काय चुकला? ते बी पोटाला आयलेत. त्यांना रोज कमी देतान म्हनून ठेवतान. आमचे पोरांनी जास्ती मागितला म्हनून नाय ठेवत. यान राग कोनाचा करू ता सांग, तू शिकल्याली हायस." मी शिकल्याली असल्यामुळे तिच्या चहात चौथा चमचा साखर घातली.

धवलारीण म्हणून तिचा एक नेम होता. हळदीच्या आधी ती नवऱ्याकडच्यांना विचारायची, "पोरगा काय करतं?" आणि जे असेल तेच गायची. रिक्षा असेल तर रिक्षा, मिठागर असेल तर मिठागर, काहीच नसेल तर "आयबापाचा लाडका" म्हणून पुढे जायची. तिचं म्हणणं असं, "देवांना मीच बोलावलाय मांडवान. त्यांचे फुडं खोटा बोलू तं उद्या बोलावल्यावर येतील का ते?"

जमिनीच्या पैशांची लाट आली तेव्हा या नेमाची कसोटी लागली. एका नवऱ्याच्या गळ्यात म्हशीच्या दाव्याएवढी साखळी, दारात नवीकोरी जीप. त्याच्या आईचा हट्ट, पोराला गाण्यात "शेट" म्हण. ठमायनं विचारलं, "शेट म्हंजे धंदा कसला?" धंदा कसलाच नव्हता. मग भरल्या मांडवात तिनं गायलं:

"बापानं गो इकली जमीन खाडीची,
लेकाला गो हौस झायली गाडीची."

पोरी फिदीफिदी हसल्या, नवऱ्याची आई हळदीची वाटी घेऊन अंगावर धावली, ठमायची साडी बुडाली. मला हे सांगताना ती पेला खाली ठेवून खुदखुदत होती. "साडी गेली, पन गाना जुलला ना!" म्हणाली. तिची मिजास अशी होती. पैशांनी गेली नाही, म्हातारपणानं गेली नाही. ती घालवायला माझ्यासारखी हुशार बाई लागली.

दर्शना बी.कॉम. झाली. माझ्या हाताखालून गेलेली, अक्षर मोत्यासारखं, म्हणून तिचं लग्न जमवण्याची मला कोण हौस! निळ्या फितीचा मुलगा, निलेश त्याचं नाव, माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीतला. नम्र, निर्व्यसनी, आणि कार्ड दर वर्षी नवं. मी स्थळ घेऊन ठमायकडे गेले ती पेढे घेऊनच.

आगऱ्यांकडे हळदीला लग्नाहून जास्त गर्दी. नातीच्या हळदीला ठमायनं दुसरी धवलारीण बोलावली नाही. "माजे नातीला मीच गानार," म्हणाली. घसा मोकळा व्हावा म्हणून थोडी घेतलीही होती तिनं. हळदीचं ताम्हन मांडीवर घेऊन ती बसली आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. नेहमी ती नवऱ्याकडच्यांना विचारायची. त्या दिवशी तिनं मला विचारलं.

"मास्तरीन, पोराची नोकरी कायम हाय?"

"आहे ठमाय. मी स्वतः कार्ड पाहिलंय."

"हलदीवर हात ठेव न बोल."

मी ओल्या हळदीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "कायम आहे." बायका हसल्या. कुणीतरी हळदीचा पंजा माझ्या पाठीवर उमटवला. मी नव्या साडीचं वाटोळं झालं म्हणून लटकं रागावले. आणि ठमायनं सूर लावला:

"दर्याचे काठाला जहाज लागला,
नातजावय माजा गो सायेब झायला."

उभ्या गावात तिनं कुणाला सायेब म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. म्हातारे उठून बसले. दर्शनाच्या बापानं डोळे पुसले. मी खुर्चीत मागे रेलून बसले होते, जणू बंदर मीच बांधलंय.

दुसऱ्या वर्षी यार्डातला ठेकेदार बदलला. नव्यानं कमी पगारात आपली माणसं आणली, आणि निलेशचं कार्ड नवं झालं नाही. इतकंच झालं. संप नाही, भांडण नाही, कुणी त्याला काढलंही नाही. गेटवर यंत्राला कार्ड दाखवलं आणि गेट उघडलं नाही. त्यानं आधी रिक्षा चालवली, मग घरोघरी जेवण पोचवायचं काम धरलं, अपघात झाला, पुन्हा रिक्षा. दर्शना कोनला एका गोदामात लागली. लोकांनी मोबाइलवर मागवलेल्या वस्तू खोक्यांत भरायच्या, दिवसभर उभं राहून, आणि ही नोकरीही ठेकेदाराकडूनच. बी.कॉम.चा उपयोग एवढाच, की खोक्यावरचा पत्ता इंग्रजीत असतो. माझा कुकरचा रबरही त्या खोक्यांतून येतो. मी तो मागवते, येताच बसवते आणि भात लावते. लाज वगैरे माणसाला भूक लागेपर्यंतच असते.

एकदा मी तिला म्हटलं, "दर्शना, मी त्याला नीट विचारायला हवं होतं गं." ती घाईत होती. म्हणाली, "बाई, विचारलं असतंत तरी दुसरा कुठला मुलगा आणला असतात? आमच्या अख्ख्या बॅचमध्ये कायम असलेला एकही नाहीये." आणि शेअर रिक्षात बसून गेली.

तिनं मला असं सोडून दिलं, पण गावानं ठमायला सोडलं नाही. कामोठ्याच्या जुन्या गावात एक लग्न होतं. मुलगा मॉलमध्ये राखणदार. त्याच्या आईनं सांगितलं, "सायेब म्हन." ठमायनं नेहमीसारखं विचारलं, "सायेब कसा म्हनू?" आणि ती बाई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कशाला लाजतेस गो? तुजे नातजावयाला म्हनलीस ना? तो तं आता रिक्षा हाकतं!"

कुणी हसलं नाही म्हणे. हसले असते तर ठमायनं दोन शिव्या हासडून गाणं पुढे नेलं असतं. ती उठली, ताम्हन त्या बाईच्या हातात दिलं, आणि चालत मेन रोडला आली. त्यानंतर ती कुठल्याही मांडवात गेली नाही. बोलावणी काही दिवस आली, मग थांबली. तिच्या जागी आता डीजे असतो. तो नवऱ्याला काय वाटेल ते म्हणतो.

मी पुष्कळदा विचार करते. इतकं बंदर आलं, गोदामं आली, आता विमानतळही झाला. त्या सगळ्या पसाऱ्यात, त्या गावात, मरेपर्यंत आपलीच राहील अशी नोकरी एकट्या ठमायची होती. तिला ठेकेदार नव्हता, तिला कुणी काढू शकत नव्हतं. ती मी घालवली, पेढे वाटून.

ती गेली त्याच्या थोडे दिवस आधी मी भेटायला गेले. खाली लादीवर गादी घालून पडली होती. अंग लाकडासारखं झालेलं, अंबाडा सुपारीएवढा, पण अबोली होतीच. वरून विमान गेलं तशी खिडकीची काच थरथरली. ती छताकडे बघत म्हणाली, "यान बसतान त्या सगल्यांना कामा असतील, नाय गो?"

मी म्हटलं, "असतील." मग तिचा हात हातात घेतला आणि इतकी वर्षं जे बोलायचं टाळलं होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, "ठमाय, मी हळदीवर हात ठेवून खोटं बोलले. मला ठाऊक नव्हतं, पण खोटंच ते. तुझं गाणं माझ्यामुळे बंद झालं. माझा राग येत असेल तर आता तरी शिव्या दे."

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "तुजा राग नाय गो मना. उभ्या जल्मान येवरी लग्ना लावली, सगला खरा गायला, कदी गला भरून नाय आयला. त्याच दिवशी आयला. खोटा व्हता, न गायला तोच सगल्यांत गोड लागला. राग त्याचा हाय."