स्वच्छ परत आलेला फिल्टर

सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी खात्याचा प्रमुख होतो. कारखाना विक्रोळीच्या पुढे, हमरस्त्याला लागून होता. आता तिथे उंच इमारती आहेत आणि त्यांच्या फाटकावर एका फुलाचे नाव आहे. आमच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचा तंतू मिसळलेला असे. तो गोण्यांतून येई. गोण्या फोडून तंतू यंत्राच्या तोंडात ओतणाऱ्या खात्याला सगळे गोणीखाते म्हणत. तिथली माणसे पाळी संपवून बाहेर पडत तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत. आम्ही त्यांना हसत असू. तेही हसत.

माझ्या खात्याचा एक नियम होता, आणि तो मी केलेला होता. मोजण्याची कोणतीही वस्तू नेली, तर ती पुसून, स्वच्छ परत करायची. मळलेली वस्तू आणणाऱ्याचे नाव मी खडूने फळ्यावर लिहीत असे आणि आठवडाभर कोणाला ते पुसू देत नसे. अंगठाबहाद्दर माणसेही आपले नाव त्या फळ्यावर ओळखत. मला या शिस्तीचा अभिमान होता.

एके वर्षी एका संशोधन संस्थेची माणसे आली. धुळीचा आणि कर्करोगाचा संबंध शोधण्याचे काम ती करत होती. त्यासाठी कामगाराच्या श्वासात किती धूळ जाते ते त्यांना मोजायचे होते. कमरेला एक छोटा पंप, त्याला रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला, गळपट्टीशी, एक गोल फिल्टर. हा सरंजाम माणसाने पाळीभर अंगावर वागवायचा. पंप हवा ओढतो, धूळ फिल्टरवर बसते. गोणीखात्यातून एकाच माणसाची निवड झाली. तो वेंगुर्ल्याकडचा होता, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कामाला चोख. पंप बांधून घेताना तो लग्नातल्या नवऱ्यासारखा ताठ उभा राहिला.

दुपारी मी गोणीखात्यावरून गेलो. त्याच्या गळपट्टीशी धुतलेला पांढरा रुमाल दिसला, दुहेरी घडी करून फिल्टरवर घट्ट बांधलेला.

"रुमाल कशाला?" मी विचारले.

"सायबानू, वस्तू परक्याची. मळली तर तुमी फळ्यार नाव लिवशात."

शेजारचा ओरडला, "अरे, तुझं नाव लिहायला फळ्यावर जागा आहे कुठे? सगळा फळा माझ्याच नावाने भरलाय!"

सगळे हसले. मीही हसलो आणि पुढे गेलो.

रुमाल सोडायला सांगायचे तर एक वाक्य पुरले असते. मी ते उच्चारले नाही. त्याच सकाळी व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितले होते की आकडा वर गेला तर गोणीखाते बंद ठेवावे लागेल, आणि गोणीखाते थांबले की कारखाना थांबतो. माझी बढती त्यांच्या टेबलावर होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. काय घडले ते सांगतो आहे.

संध्याकाळी फिल्टर जवळजवळ कोरा निघाला. संस्थेच्या माणसाने तो उजेडात धरला.

"गोणीखातं, आणि इतकं स्वच्छ?"

"आम्ही पाणी मारतो," मी म्हणालो.

नमुना नेहमीच्या कामाच्या परिस्थितीत घेतला आहे, अशा अर्थाचा छापील मजकूर होता. त्याखाली मी सही केली. गोणीखात्यातली धूळ मर्यादेत आहे, असा अहवाल आला. कामगार चांगले मास्क मागत होते; ते या अहवालाच्या आधारे नाकारले गेले. मला बढती मिळाली. रुमालवाल्याला मी काही दिवसांनी चहा पाजला. तो का पाजला, हे त्याने विचारले नाही.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोचा मला मुलुंडला फोन आला. त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. मी भांडुपला, टेकडीवरच्या त्याच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्या घरी मी प्रथमच जात होतो.

तो भिंतीला टेकून बसला होता. एक वाक्य दोन श्वासांत बोलत होता. मुलगा कामावर निघण्याच्या घाईत होता, तरी मला ऐकवायला थांबला.

"बघा ना साहेब. किती वेळा सांगितलं, बाबा, बिडी सोडा. ऐकलं? आता सगळ्या घराची वाट लागली."

"दिसाक दोन ओढी," तो म्हणाला. "दोनच."

"दोनच, दोनच! डॉक्टरने कागदावर काय लिहिलंय? विडी. तुमची हौस, आणि आईने रात्रंदिवस उठबस करायची."

बायको मधे पडली. "अरे, आजारी माणूस तो. कामावर जा तू."

मुलगा गेला. मग बापाने माझ्याकडे पाहिले. "सायबानू, माका बरा करा म्हणून सांगणय नाय. ह्या कामातसून झाला, इतक्या कोणीतरी लिवून देवा. पोराचा बोलणा आयकत माका मरूचा नाय."

रुग्णालयात एक संशोधक डॉक्टर बाई कर्करोगाच्या रुग्णांच्या नोकऱ्यांची माहिती जमवत होत्या. कोणाचा आजार कामातून आला, कोणाचा नाही, हे त्या ठरवत होत्या. त्याची फाईल त्यांच्याकडे होती. मी वेळ मागून त्यांना भेटलो.

"काका, तुमच्या कारखान्याचा जुना अहवाल मिळालाय मला," त्या म्हणाल्या. "गोणीखात्यात धूळ कमी. म्हणून त्यांना मी कमी धुळीच्या गटात टाकलंय. मग उरते बिडी."

मी त्यांना रुमालाची हकीकत सांगितली. फळ्याची सांगितली. सहीचीही सांगितली. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"हे कुठे नोंदलेलं आहे?"

"नाही. नोंदलेले आहे ते याच्या उलट, आणि त्याखाली माझी सही आहे."

"मग काका, मी एवढंच करू शकते. तो आकडा खोटा ठरला, तर मी तो काढते. पण खरा आकडा कोणाकडेच नाही. कारखाना नाही, यंत्र नाही, धूळही नाही. त्यांच्यापुढे 'माहिती नाही' असं लिहावं लागेल."

"आणि मग?"

"ज्यांच्यापुढे 'माहिती नाही', त्यांना मोजणीत धरत नाहीत."

"जास्त धूळ होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे."

"तुमचा जबाब मी फाईलला लावते. पण मागच्या वेळीही तुम्ही जबाबच दिला होता ना?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. मी जबाबावर सही केली. या वेळी मजकूर दोनदा वाचला. माझ्या खरे बोलण्याने तो माणूस कमी धुळीच्या गटातून निघाला आणि कुठल्याच गटात राहिला नाही.

रविवारी, मुलगा घरी असेल अशी वेळ पाहून, मी पुन्हा भांडुपला गेलो.

"काय लिवल्यान त्या डाक्टरनीन?" त्याने विचारले.

"काही लिहिले नाही. लिहिता येणार नाही, असे म्हणाल्या."

त्याने मान हलवली. मुलगा दाराशी मोबाईल घेऊन उभा होता. मी त्याला आत बोलावले आणि उभ्यानेच सगळे सांगितले: कारखान्यात धूळ किती होती, त्याच्या बापाने फिल्टर कोणाच्या धाकाने झाकला, झाकलेला कोणी पाहिला, सही कोणाची. शेवटी म्हणालो, "विडीने किती झाले, मला माहीत नाही. धुळीचे मला माहीत आहे. कागदावर ते येणार नाही, म्हणून तुला तोंडी सांगतो."

त्याने मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, "तेव्हा का नाही बोललात?"

मी कारण सांगितले. बढतीचा शब्दही गाळला नाही.

"अरे वा," तो म्हणाला. "आणि आज येऊन सांगताय. आज काय मिळणार आहे?"

"सायबांका असा बोला नको," बाप म्हणाला आणि खोकू लागला. खोकला थांबेना. मुलाने त्याला पाठीमागून धरले, पुढे वाकवले, आणि बायकोने तांब्या पुढे केला. त्या तिघांत मला जागा नव्हती. मी चपला घातल्या.

महिन्याभराने तो गेला. त्याच्या बायकोने फोनवर कळवले. अंत्यविधी आटोपल्यानंतर कळवले. मुलगा शेवटपर्यंत बापाशी नीट वागला, असे ती म्हणाली. बिडीचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

तेराव्याला येऊ का, असे मी विचारले. ती म्हणाली, "नका येऊ, भाऊजी. मुलगा असेल घरात."