वरोरला आलेल्या खरपडे मॅडम

खरपडे मॅडमकडे कुणी बाई तक्रार घेऊन आली की त्यांचं पहिलं काम तिच्याबरोबरची गर्दी बाहेर काढण्याचं. भाऊ, मामा, गावचे पुढारी, सगळे व्हरांड्यात. ‘बाईचं बाईच्या तोंडून ऐकू द्या,’ म्हणायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. व्हरांड्यात बसवलेल्यांना त्याचा भारी राग यायचा. आम्हालाही आला होता, कारण २०१६ साली तक्रार आमच्याच घरावर होती आणि त्या व्हरांड्यात आम्हीही बसलो होतो.

मॅडम तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या. डहाणूला हवालदार होत्या. ठेंगण्या, आवाज कायम बसलेला, आणि घाई म्हणून कशाची नाही. माझी वहिनी भावना हिने माझा भाऊ सुनील आणि आई यांच्यावर छळाची तक्रार दिली होती. पौर्णिमेच्या दुपारी नवऱ्याने दांडक्याने मारलं आणि सासूने हात धरून ठेवले, असं त्यात होतं. आईचा जन्म बोंबील वाळवण्यात आणि विकण्यात गेलेला. पोलीस ठाण्याची पायरी तिने कधी चढली नव्हती. आपल्याला अटक होणार या धास्तीने तिने अन्न सोडलं. भावनाचा मामा डहाणू रोडच्या बाजारात सांगत सुटला होता की म्हातारीला आत बसवल्याशिवाय राहणार नाही.

आमच्याकडूनही गावचे एक पुढारी वजन टाकायला आले होते. मॅडमनी मामाला आणि त्यांना एकच उत्तर दिलं. “मी तक्रार लिहून घेते, निकाल लिहीत नाही.” आई आणि सुनीलला हजर राहण्याची नोटीस मिळाली, अटक झाली नाही. मामा संतापला. आमचे पुढारीही फुगून बसले, कारण तक्रार काही फाडली गेली नव्हती.

दोन-चार दिवसांनी मॅडम साध्या साडीत आमच्या गावी, वरोरला आल्या. आमच्या घराकडे न वळता तडक किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. “मी डोंगराकडची, मला समुद्रातलं काही कळत नाही, सांगा,” म्हणाल्या. आमच्या बायकांना शिकवायला कुणीतरी मिळालंच. त्यांनी होड्या दाखवल्या, जाळी दाखवली आणि बोलता बोलता हेही सांगितलं की डोलीचं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर मासळी धरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा होड्या समुद्रात. अष्टमीच्या सुमाराला ओढ मंदावते, त्याला भांग म्हणतात, तेव्हा पुरुष घरी. मॅडमनी मग एकेकीला बाजूला घेऊन त्या पौर्णिमेचं विचारलं. सुनील होडीवर, समुद्रात होता. आई दिवसभर त्याच बायकांबरोबर बोंबील टांगत होती.

तक्रार मामाने लिहून आणली होती. त्याचं दुकान डहाणू रोडला, उधाणाशी त्याचा संबंध काय? लक्षात राहील असा दिवस म्हणून त्याने पौर्णिमा घातली आणि भावनाने न वाचता सही केली.

पुढचं मला भावनानेच नंतर सांगितलं. मॅडमनी तिला एकटीला बोलावलं. ती घाबरून गेली होती, आता खोटेपणाबद्दल आपल्यालाच आत टाकतील म्हणून. मॅडम म्हणाल्या, “पौर्णिमेला तो समुद्रात होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मारलं असेल तर सांग, तेही लिहिते. मारलंच नसेल तर खरं दुखतंय कुठं, ते सांग.” तेव्हा ती रडली. मारलं कुणीच नव्हतं. तिला मासळीचं काम सोसत नव्हतं, हात सोलवटले होते. डहाणू रोडला खोली घेऊन शिवणकाम करायचं होतं. सुनील प्रत्येक वेळी ‘बघू’ म्हणायचा. मामा म्हणाला, मारलं म्हटल्याशिवाय तुझं कुणी ऐकणार नाही.

भावनाचा खरा जबाब झाल्यावर सुनीलला चेव चढला. उलट केस करतो म्हणाला. मॅडमनी त्याला समोर बसवलं.

“अर्ज दे, घेते. तुझा हक्क आहे. पण उद्या खरोखर मार खाल्लेली बाई माझ्याकडे येईल, तेव्हा लोक तिला तुझ्या बायकोचं उदाहरण देतील. ते ओझं तिच्या डोक्यावर नको.”

सुनीलने अर्ज दिला नाही. दोघांनी डहाणू रोडला खोली घेतली. उधाणात तो समुद्रावर, भांगात खोलीवर. भावनाचं शिवणयंत्र चांगलं चालतं.

२०१९ मध्ये मॅडमची बदली झाली तेव्हा आई आणि मी त्यांना भेटायला गेलो. आईच्या मनात एक गोष्ट होती, ती तिने विचारलीच.

“बाय, तुमी मला एकदापन नाय इचारलं, मारलंस का म्हणून. माज्यावर भरवसा होता ना तुमचा?”

“नव्हता, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्यावर नव्हता, तिच्यावरही नव्हता. मारणारी सासूसुद्धा नाहीच म्हणते. म्हणून तर बघायला आले.”

मला वाटलं, आई दुखावली. बाहेर आल्यावर ती रिक्षात बसता बसता म्हणाली, “माजी भली माणसं सगली घरात बसून भरवसा ठेवत होती. हिचा नव्हता, म्हणून मी सुटली.”