स्टोअरसाहेबांची दलदल

स्टोअरसाहेबांच्या घरात जिन्याखाली एक कपाट आहे. ते उघडताना डावा पाय आधी दाराशी टेकवून ठेवावा लागतो, नाहीतर नळाचे जोड, बिजागऱ्यांची पिशवी किंवा जुन्या पंख्याचं पातं अंगावर येतं. पाय नेमका कुठे टेकवायचा हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांची बायको त्या कपाटाला अडगळ म्हणायची, ते साठा म्हणायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या एका बाबतीत दोघांचं कधी जमलं नाही.

त्यांची सगळी नोकरी बस डेपोच्या कोठीत, म्हणजे स्टोअरमध्ये, गेली. जाळीच्या खिडकीमागे ते, पलीकडे तेलकट हातांचे मेकॅनिक. ब्रेकचे लायनर, पंख्याचे पट्टे, वायपरची रबरं, गास्केट. मागितलं आणि मिळालं नाही, असं त्या खिडकीवर कधी झालं नाही. सुट्या भागावाचून डेपोत बस उभी राहिली नाही, हा त्यांचा अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता. मात्र ज्या बसगाड्या केव्हाच भंगारात निघाल्या होत्या, त्यांच्या दिव्यांच्या कड्याही मागच्या फळीवर झाडूनपुसून ठेवलेल्या असत. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: “लागेल कधीतरी.”

कोठीतला माल बाद करायचा तर एक पद्धत होती. दुसऱ्या माणसाने समोर उभं राहायचं, माल डोळ्यांनी बघायचा आणि “मंजूर” म्हणायचं. मगच तो टाकता येई. स्टोअरसाहेबांनी त्यासाठी कधी कुणाला बोलावलंच नाही.

बायको रुग्णालयात वॉर्डाची सिस्टर होती. तिचं सगळं उलटं. मुदत संपली की बादली. दोघंही आपापल्या नोकरीतून घरी येत आणि एकमेकांच्या पद्धतीच्या नावाने बोटं मोडत.

निवृत्तीच्या समारंभात प्रत्येकाने त्यांना “आता आराम करा” म्हणून सांगितलं. हे वाक्य त्यांच्या डोक्यात गेलं. आराम म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातले डबे आधी उंचीप्रमाणे लावले, मग वापराप्रमाणे. बायकोला चहाची पूड सापडेना. तिने दुसऱ्या शहरातल्या लेकीला फोन लावला. “तुझ्या बाबांना काहीतरी काम दे, नाहीतर मी पुन्हा नोकरीला लागते.”

लेकीने तिकडूनच त्यांच्या संगणकावर एक खेळ घालून दिला. “बाबा, यात कारखाना उभारायचा. खाणीतून लोखंड काढायचं, सरकत्या पट्ट्यावर टाकायचं, त्याचे सुटे भाग करायचे, मग यान बांधून दुसऱ्या ग्रहांवर जायचं.”

“सुटे भाग” एवढंच त्यांच्या कानावर पडलं आणि ते खुर्चीत सरसावून बसले.

दर रविवारी सकाळी चौघं आपापल्या घरून एकाच कारखान्यावर काम करत: स्टोअरसाहेब, लेक, जावई आणि लेकीच्या ऑफिसातला एक मित्र. हा मित्र सगळ्यांना कामं वाटून देई, म्हणून त्याला मुकादम म्हणत. स्टोअरसाहेब कानाला मोठाले हेडफोन लावून खेळत आणि इतके ओरडून बोलत की बायको स्वयंपाकघरातून म्हणे, “अहो, ती तुमच्या कानात आहे, डोंगरापलीकडे नाही!”

पहिल्या ग्रहावर त्यांनी धमाल उडवून दिली. कोरडी जमीन, लोखंड, तांबं. पेट्यांच्या रांगा लावून त्यांनी खिळ्यापासून इंजिनापर्यंत सगळं भरून ठेवलं. कुणी काही मागितलं की “आहे, घेऊन जा.” मुकादम खूश होता. “काका, तुम्ही म्हणजे चालतं-बोलतं कोठार आहात.”

मग एकेक ग्रह ज्याच्या त्याच्या वाट्याला गेला. मुकादमाने ज्वालामुखीचा घेतला, जावयाने विजा पडणारा. दलदलीचा कुणालाच नको होता. तो लेकीने बाबांना दिला. शेतीचा आहे, शांत आहे, त्यांना आवडेल, असं तिला वाटलं.

शांत तो होताच. गुडघाभर चिखल, जांभळट उजेड, झाडांएवढ्या अळंब्या, आणि चालताना पचपच आवाज. तिथे दोन प्रकारची फळं लागत. ती तोडायची, पट्ट्यावरून यंत्रात न्यायची, त्यांचा लगदा करायचा. लगदा करताना बिया निघत, त्या परत मातीत लावायच्या. लगद्यात तिथल्या एका प्राण्याची अंडी घालून संशोधनाच्या हिरव्या बाटल्या बनत, आणि त्या यानात घालून मुख्य ग्रहावरच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. या बाटल्यांवाचून चौघांचं पुढचं उड्डाण अडलं होतं.

पेच एकच होता. या ग्रहावर सगळं नासत होतं. फळ नासायचं, लगदा नासायचा, बाटल्याही वाटेत नासायच्या. प्रत्येक वस्तूच्या चित्राखाली एक बारीक पट्टी असे. ती आखडत जाऊन संपली की वस्तूचा तपकिरी चिखल व्हायचा.

स्टोअरसाहेबांनी इथेही तेच केलं जे आयुष्यभर केलं होतं. आधी पेट्या लावल्या आणि त्या फळांनी गच्च भरल्या. यंत्रांना वेळेला कमी पडायला नको! पेट्यांमधून निघाला तो चिखल. तो यंत्रात अडकला, यंत्र थांबलं, मागचा पट्टा तुंबला, तुंबलेल्या पट्ट्यावरचं नासलं. फळं यंत्रापर्यंत पोचेनात म्हणून बिया निघेनात, बिया नाहीत म्हणून झाडं लागेनात. एवढं होऊनही पहिलं यान गेलं. प्रयोगशाळेत उघडलं तर निम्मी खेप चिखल.

“माझ्या खिडकीवरून असा माल कधी गेला नाही,” ते बायकोला म्हणाले.

“तुमच्या खिडकीवर कधी भाजी होती का?” ती म्हणाली आणि कांदे चिरत राहिली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पेट्या दुप्पट केल्या. चिखल दुप्पट झाला.

मग आला अंड्यांचा रविवार. लेक नकाशावर दलदल बघत होती. तिने विचारलं, “बाबा, यंत्रांच्या मधोमध ती मोठी पेटी कसली?”

“अंडी आहेत. जास्तीची होती, ठेवलीत बाजूला. लागतील कधीतरी.”

मग मुकादम हळूच म्हणाला, “काका, किती वेळ झाला ठेवून?”

“झाला की बराच. का?”

“ती उबतात, काका.”

“उबतात म्हणजे?”

याचं उत्तर पेटीनेच दिलं. ती आतून फुटली आणि लांब लांब तंगड्यांचे पाचपायी प्राणी एकामागोमाग एक बाहेर आले. त्यांनी आधी लगद्याची यंत्रं तुडवली, मग पट्टे, मग विजेचे खांब. बचावासाठी लावलेल्या तोफा सगळ्या कारखान्याच्या कडेने होत्या, तोंडं बाहेर करून. संकट कोठीतूनच येईल, असं कुणाच्या डोक्यात कसं येणार? जावई इतका हसला की त्याला ठसका लागला. “बाबा, एवढ्या काळजीने शत्रू सांभाळणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय!”

स्टोअरसाहेबही आधी हसले. मग मुकादमाने घसा साफ केला.

“काका, असं करू या का? दलदल मी बघतो. तुम्ही पहिल्या ग्रहावरच्या कोळशाच्या खाणीकडे लक्ष ठेवा. तिथे फार काही करावं लागत नाही. आराम आहे.”

आराम! हेडफोनमध्ये त्यांना पुन्हा एकदा तो समारंभ ऐकू आला. कोळशावर बसायचं म्हणजे नुसतं असायचं. रविवारी कुणी हाक मारणार नाही, कुणी काही मागणार नाही. लेकीने हळूच विचारलं, “बाबा, तुम्हाला त्रास होत असेल तर...”

“पुढच्या रविवारी ताजी खेप पोचेल,” ते म्हणाले. “नाही पोचली तर कोळसा द्या.”

सोमवारी त्यांनी पाचपायी प्राण्यांनी तुडवलेलं आवरलं आणि मग नुसते बसून बघत राहिले. कोठीत दिवसाचे तास असे बघण्यातच जायचे. कुठलं यंत्र किती घेतं, पट्टा कुठे अडतो. जिथे जिथे अडत होतं, तिथे तिथे त्यांची एक पेटी होती. हे दिसायला त्यांना दुपार लागली आणि मान्य करायला मंगळवार उजाडला. बुधवारी त्यांनी सगळ्या पेट्या काढल्या. पट्टा झाडांपासून यंत्रांपर्यंत सरळ नेला, आणि यंत्रांनी जे उचललं नाही ते पुढे वाहत जाऊन जळावं म्हणून शेवटी एक भट्टी बसवली. पट्टा वाहता राहिला असता, काहीच तुंबलं नसतं. फक्त पट्टा आणि भट्टी यांच्यामधला शेवटचा तुकडा त्यांनी लावला नाही.

गुरुवारी दुपारी बायको चहा घेऊन आली तेव्हाही तो लावलेला नव्हता.

“काय झालं? गाडी का थांबली?”

“एक तुकडा राहिलाय.”

“मग लावा की.”

“लावला की उरलेला माल जळणार. चांगला माल.”

“चित्रातला ना?”

“चित्रातला असला म्हणून काय झालं? माल तो माल. असा एकट्याच्या मनाने बाद करता येत नाही. दुसरा माणूस समोर लागतो.”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. तिने कप टेबलावर ठेवला, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं आणि शेजारी बसली.

“मंजूर.”

“असं नाही. आधी बघायचं असतं.”

“दाखवा मग.”

त्यांनी फळावर बाण नेला. चित्राखालची पट्टी निम्मी होती. तिने चष्मा वर सरकवून अगदी जवळून बघितलं, पूर्वी औषधाच्या बाटल्यांवरची तारीख बघायची तसं.

“हे तर चांगलं दिसतंय.”

“तेच तर म्हणतोय मी!”

“पण थोड्या वेळाने नसेल.”

“नसेल.”

“आणि यंत्रांची पोटं भरलीत.”

“भरलीत.”

“मग मंजूर. आणि ती अंडी उरलीत ना, ती आधी. मंजूर, मंजूर. असलं काही वॉर्डात ठेवलं असतं ना, तर मेट्रनने मलाच भट्टीत घातलं असतं.”

त्यांनी तुकडा लावला. फळं भट्टीत पडली, धूर निघाला, आणि मागचा सगळा पट्टा झुळझुळ पुढे सरकला. यंत्रं चालू झाली. बिया निघाल्या, मातीत गेल्या, चिखलातून लालसर रोपं वर आली. स्टोअरसाहेबांनी हात मांडीवर ठेवले, कारण करायला काही उरलंच नव्हतं. सगळं आपापलं येत होतं आणि जात होतं. चहा निवला. बायकोने तो परत गरम करून आणला आणि पुन्हा येऊन बसली.

“तो कोपरा का रिकामा?” तिने पडद्यावर बोट ठेवलं.

“तिथे झाड लावायचं राहिलंय.”

“मग लावा. मी काय रोज येऊन सांगणार आहे?”

शुक्रवारी ती न बोलावता आली. शनिवारी स्टूलवर उशी होती.

रविवारी सकाळी यान निघालं. चौघं प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले, म्हणजे त्यांची चित्रातली माणसं. स्टोअरसाहेबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. बायको मागे उभी होती, हातात भाजीचा चाकू तसाच.

खेप उतरली. मुकादमाने एक बाटली बघितली, मग दुसरी.

“काका...”

“बोल, बोल.”

“ताज्या आहेत. सगळ्या. आणि मागून आणखी येतायत?”

“येणारच. आमच्याकडे पट्टा थांबत नाही.”

प्रयोगशाळेचे दिवे एकेक करून लागले. जावयाने शीळ घातली. मुकादमाला राहवेना. “काका, एवढ्या आल्यात तर थोड्या पेटीत ठेवू का बाजूला? पुढे लागतील.”

“अजिबात नाही!” स्टोअरसाहेब इतक्या जोरात ओरडले की बायकोच्या हातातला चाकू पडला. “आल्या की वापरा. उरल्या तर जाळा. ठेवायचं नाव काढू नका!”

“थांबा, थांबा,” लेक हसत म्हणाली, “हे कोण बोलतंय? आईला बोलवा. बाबांच्या खुर्चीत दुसराच कुणीतरी बसलाय.”

“काका, दलदल तुमचीच,” मुकादम म्हणाला. “कोळशाकडे मी बघतो. तेवढा आराम मला चालेल.”

त्यांनी हेडफोन काढले, तर बायको खोलीत नव्हती. ती जिन्याखालच्या कपाटासमोर उभी होती, बादली घेऊन.

“पाय कुठे टेकवायचा ते दाखवा.”

“अगं, हे काही नासत नाही.”

“आल्या की वापरा, उरल्या तर जाळा, हे सगळ्या गल्लीने ऐकलंय. माल दाखवते. तुम्ही नुसतं मंजूर म्हणायचं.”

सुटकेला वाव नव्हता. पंख्याचं पातं गेलं. तुटकी बिजागरी गेली, तिची जोडीदारीण गेली. नळाच्या जोडापाशी त्यांनी थोडी खळखळ केली, आटे झिजलेले निघाल्यावर तो स्वतःच बादलीत टाकला. पुढे पुढे त्यांना चेव चढला आणि ती वस्तू वर काढायच्या आधीच ते “मंजूर!” म्हणू लागले. बादली दोनदा भरली. फळीचा मूळचा रंग निळा होता, हे दोघांनाही नव्याने कळलं.

अगदी तळाशी एका फडक्यात गुंडाळलेली दिव्याची कडी निघाली. जुन्या बसची, पितळी, अजून चकचकीत.

“मंजूर,” स्टोअरसाहेब म्हणाले.

बायकोने ती बादलीकडे नेली, मग थांबली. कडी उजेडात धरून फिरवली, पदराने पुसली.

“ही राहू दे.”

“कशाला?”

“असू दे हो. लागेल कधीतरी.”

“बघू, माल दाखव,” म्हणत त्यांनी कडी हातात घेतली, गंभीर चेहऱ्याने उलटसुलट तपासली आणि रिकाम्या फळीवर मधोमध ठेवली. दार लावताना सवयीने त्यांचा डावा पाय पुढे गेला. आतून काहीच आलं नाही. तेवढ्यात संगणकावरून हेडफोनमधला बारीक आवाज ऐकू आला. लेक हाका मारत होती. “बाबा, आहात का? दलदलीतून आणखी बाटल्या हव्यात, लगेच!”

“आहे, आहे!” ते ओरडले आणि खुर्चीकडे धावले.