बीरगांवचा पांढरा कागद

मारोतीराव मेश्रामांनी रायपूरच्या पार्सल ऑफिसात अठ्ठावीस वर्षं डब्यांना सील लावलं, आणि त्या नोकरीत ते एकच गोष्ट शिकले: जो फार हसून बोलतो, त्याची गोणी आधी उघडून पाहावी. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. दूधवाल्याच्या मापात डोकावत, भाजीवालीचा तराजू उलटा करून बघत. बायको शेवंतानं न मागता चहा दिला, तरी आज काय काम निघालं असा चेहरा करत.

घर बीरगांवला, कारखान्यांच्या चिमण्यांच्या उशाशी. रायपूर राजधानी होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तिकडे नव्या इमारती उठत होत्या, इकडे सकाळी गच्चीवर पाय टाकला की काळा ठसा उमटत होता. मारोतीरावांना खोकला जडला. शेवंता रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी खिडकीला ओलं लुगडं टांगायची, तेव्हा कुठे त्यांना झोप लागायची. त्यांनी प्रदूषण मंडळाकडे अर्जांवर अर्ज केले. दर वेळी साहेब म्हणायचे, "हवा तो ठीक है, चाचा. आँकड़ा देखो." आकडा साहेबांकडे आणि खोकला मारोतीरावांकडे, अशी वाटणी झाली होती.

म्हणून शंकर नगरच्या संशोधन ऑफिसातली अपर्णा जेव्हा म्हणाली, की हवेतली घाण मोजायला बऱ्याच देशांनी मिळून एक जाळं उभारलंय, त्यातलं एक मशीन तुमच्या गच्चीवर ठेवू द्याल का, तेव्हा मारोतीरावांच्या डोक्यात उजेड पडला. तरी आधी त्यांनी तिचं ओळखपत्र दोनदा वाचलं, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि मगच हो म्हटलं.

काम साधं होतं. दर सहाव्या दिवशी सकाळी दहाला मशीनमध्ये कागदाची पांढरी चकती बसवायची, दुसऱ्या दिवशी दहाला काढून डबीत बंद करायची. डब्या परदेशातल्या प्रयोगशाळेत जायच्या. "सगळीकडे एकाच पद्धतीनं मोजतात, काका," अपर्णा म्हणाली. "मग कोणाला नाही म्हणता येत नाही."

"पण हे करते काय, पोरी?" शेवंतानं विचारलं.

"श्वास घेतं, काकू. आपल्यासारखंच, दिवसरात्र."

मारोतीरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते डबीवर लाखेचं सील लावण्यात दंग होते.

पहिल्या दोन महिन्यांत चकत्या तव्याच्या बुडासारख्या निघाल्या. मारोतीराव खूश! पण मार्चपासून त्या फिकट होऊ लागल्या आणि एप्रिलात जवळजवळ कोऱ्या. अपर्णा एक पत्र घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, बाकी ठिकाणी काळं आणि इथंच पांढरं कसं, असं बाहेरचे विचारतायत. आता पुन्हा असंच आलं तर मशीन उचलावं लागेल."

मशीन गेलं की पुरावा गेला. मग साहेब आणि त्यांचा आकडा जन्मभर खरे ठरणार. मारोतीराव पेटले.

"कोणीतरी छेडून राहिला मशीनले!"

कोणीतरी म्हणजे दयाराम. तो शेजारी राहायचा, कारखान्यात कामाला होता, आणि दोन्ही गच्च्यांमध्ये गुडघाभर उंचीची भिंत. बारा वर्षं दोघं एकाच किटलीतला चहा पीत आले होते, पण आता मारोतीरावांना त्याचं सगळंच खटकू लागलं. मशीनच्या दिवशीच हा कपडे वाळत घालायला वर का येतो? परवा वाटीभर आवळ्याचं लोणचं काहून दिलं? आवळा देऊन कोहळा काढतो की काय! शेवटी त्यांनी भिंतीवरूनच तोफ डागली.

"मैं काबर हाथ लगाहूं, भैया?" मी कशाला हात लावू, एवढंच दयाराम आपल्या छत्तीसगढीत म्हणाला आणि मान खाली घालून आत गेला.

मान खाली! मारोतीरावांना आणखी काय पाहिजे होतं? मशीनच्या रजिस्टरात 'गडबडीचं कारण' असा रकाना होता. त्यात त्यांनी ठसठशीत लिहिलं: दयाराम, शेजारी.

पुढच्या वेळी चकती बसवली आणि त्यांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून दोन्हीकडे लाख ठोकली. सकाळी आखडणाऱ्या गुडघ्यांपायी ते दहाच्या आधी कधी वर चढत नसत, पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एकेक पायरी धरत चढले. दोरा शाबूत होता, लाखेला ओरखडा नव्हता. आणि मशीनपाशी शेवंता उभी होती. मशीनवरून ओलं लुगडं काढून घडी घालत होती. लुगडं काळंशार झालं होतं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. साऱ्या गावावर पाळत ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या जिन्याला दोरा बांधायचं सुचलं नव्हतं.

"हे काय करून राहिली तू?"

"अवो, थे बी श्वास घेते म्हणे," शेवंता गांगरून म्हणाली. "कारखानेवाले रातीच धूर सोडतेत, रातभर बिचाऱ्याच्या नाकात काजळी जाते. तुमच्या खिडकीले लावतो तसं होळीपासून लावलं मी. दोनच जुनी लुगडी हायेत. एक तुमाले, एक त्याले."

मारोतीरावांना हसू आलं, मग रागही आला, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली येऊन त्यांनी दयारामचं नाव खोडलं आणि लिहिलं: 'ओलं लुगडं. लावणारी माझी बायको. शेजाऱ्याचा दोष नाही.' अपर्णाला फोनवर सगळं सांगितलं. तिनं बाहेरच्यांकडून आणखी एक संधी मागून घेतली. मग रजिस्टर घेऊन ते दयारामच्या दारात गेले आणि ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. दयारामनं खोडलेल्या नावावरून बोट फिरवलं.

"हव," तो म्हणाला. "चाय पीबो?"

सहा दिवसांनी मारोतीरावांनी चकती बसवली, दुसऱ्या दिवशी दहाला काढली. कुट्ट काळी!

"काळी आली! शेवंता, काळी आली!" मारोतीराव गच्चीवर पोरासारखे ओरडले. "आता मशीन कोण नेते पाहतो मी!"

शेवंतानं चकती निरखून पाहिली.

"एका दिवसात एवढं?" ती हळूच म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात टेकून ती खोकत राहिली.

मारोतीराव तिच्याकडे बघत राहिले. हा खोकला कधीपासून आहे, त्यांना आठवेना. सगळ्यांवर नजर ठेवली, हिच्याकडे तेवढं पाहिलं नाही. एक तुमाले, एक त्याले, असं ही म्हणाली, तेव्हा हिला काय, हेसुद्धा आपण विचारलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी मशीनवरचं ते लुगडं स्वतः धुतलं. तीन पाणी काळी निघाली. मग ते जमेल तसं पिळून त्यांनी शेवंताच्या खाटेजवळच्या खिडकीला टांगलं.

"आज हे काय नवीन?" शेवंतानं संशयानं विचारलं.