पऱ्हाटीची काडी

नदीत कोणी बुडालं की शामरावदादा आधी पाण्यात उतरत नसत. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक वाळकी काडी धारेत सोडत आणि तिच्या सोबतीनं काठाकाठानं चालू लागत. काडी जिथं घुटमळेल तिथं बुडी. मारेगावकडचं आमचं गाव वर्धा नदीच्या काठावरचं. बुडालेल्याच्या घरचे ऊर बडवू लागले की दादा खेकसत, "धीर धरा ना बाप्पा! नदी कोनाले ठेवून घेत नाही." आणि नदी खरंच माणूस परत द्यायची. मला, शाळामास्तराला, त्या काडीचं हसू यायचं. पण दादांसमोर हसायची माझी काय टाप!

त्यांचा एकुलता एक मुलगा रवी याच नदीत पोहायला शिकला आणि कोकणातल्या एका आडबाजूच्या किनाऱ्यावर, पर्यटकांना फळीवर उभं राहून लाटांवरून घसरायला शिकवायच्या कामाला लागला. दादा चौकात ऐकवत, "पोट्टं पान्यावर उभं राह्यते, मास्तर. उभं!" मागच्या दिवाळीनंतर फोन आला. फळी सापडली होती, रवी नव्हता.

मी सोबत गेलो. रस्ता संपल्यावर करवंदीच्या जाळ्यांतून खाली उतरायचं. दोन काळ्या कड्यांमध्ये पांढरी वाळू, मागे सुरूची झाडं, वाळूवर पळणारे इवले खेकडे. इतकी देखणी जागा पाहून मला तिचा संताप आला.

दादांनी पिशवीतून काडी काढली. घरून आणली होती.

"हे कोनीकडं वाह्यते, मास्तर? खालतं कोनतं?"

समुद्राला खालचं अंग नसतं, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? त्यांनी काडी फेकली. लाटेनं ती त्यांच्या पायाशी आणून टाकली. पुन्हा फेकली, पुन्हा तेच. दादा कंबरभर पाण्यात शिरून ओरडले, "काडी कायले देतं? पोट्टं दे ना माह्यं!" तिथल्या कोळ्यांनी त्यांना ओढून बाहेर काढलं.

वाळूत बसल्यावर त्यांनी विचारलं, "आपली वर्धा याले भेटते का?"

"नाही दादा. तिचं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं."

"मंग याले आपली वळख नाही."

आम्ही रिकाम्या हातानं परतलो.

उन्हाळ्यात शेजारच्या गावचा एक तरुण आमच्या डोहात बुडाला. दादा येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. ते आले, काडी सोडली आणि दिवस मावळायच्या आत त्याला वर आणलं. त्याच्या बापानं हंबरडा फोडला, तशी माणसं त्याला आवरायला धावली. दादांनी सगळ्यांना अडवलं आणि ओल्या अंगानंच त्या बापाच्या शेजारी बसले. या वेळी धीर धरा म्हणाले नाहीत.

"रडू द्या त्याले," ते म्हणाले. "त्याच्या हातात त्याचं पोट्टं हाये."