ताईची एसटी, भाऊजींचा नट

जगात घट्ट करता येण्यासारखं जे जे काही आहे, ते ते आमच्या भाऊजींनी एकदा तरी इतकं घट्ट केलेलं आहे की नंतर ते कोणाच्या बापाला सुटलेलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम कामरगाव. ताईच्या घरी कैरीचं लोणचं बारा महिने असतं, पण खायला मिळेलच असं नाही, कारण बरणीचं झाकण भाऊजींनी लावलेलं असतं. नळ बंद करणं हे त्यांच्या मते बोटांचं काम नाही, अख्ख्या खांद्याचं आहे. त्यामुळे त्या घरातले सगळे नळ रडके. त्यांनी विणलेल्या बाजेवर झोपलं की फरशीवर झोपल्याचं समाधान मिळतं. एकदा मी त्यांच्याकडून परस्पर शाळेत शिकवायला निघाले, तर मोठ्या मायेनं त्यांनी मला डबा भरून दिला. दुपारच्या सुट्टीत आमच्या हेडमास्तरांसकट चौघांनी त्या डब्याशी झुंज दिली आणि शेवटी मी दुसऱ्या बाईंच्या डब्यातली भाकर खाऊन वर्गावर गेले.

हा हात त्यांना नोकरीनं दिला. सारी हयात त्यांची पोस्टात गेली. टपालाच्या थैलीचं तोंड सुतळीनं आवळायचं, गाठीवर लाख ओतायची, वर शिक्का मारायचा. आयुष्यभर हेच केल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? मी कधी कुरकुरले की म्हणायचे, "बांधलं तं बांधलं, बाई. सुटाचंच होतं तं बांधलं काहून?" आणि जेवायला बसवलं की तोच हात वाढायला येतो. पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वरण सोडतात. नको म्हणणाऱ्याला आणखी एक, पुरे म्हणणाऱ्याला आणखी दोन. भाऊजींच्या शब्दकोशात पुरे हा शब्द छापायचाच राहून गेला आहे.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि गॅरेजवाल्यांशी संबंध तोडले. तसं कोणी त्यांचं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण लेकराला परक्यानं न्हाऊ घालावं हे जसं त्यांना पटलं नसतं, तसं इंजिनचं ऑइल परक्यानं बदलावं हेही पटेना. ऑइल बदलायचा दिवस म्हणजे त्यांच्या घरचा सण. सकाळी जुनी लुंगी आणि नोकरीतला खाकी शर्ट चढवायचा, गाडी थोडी चालू ठेवून ऑइल कोमट करायचं, खताचं रिकामं पोतं अंथरून खाली शिरायचं. इंजिनच्या पोटाशी ऑइलची जी परात असते तिला आमच्याकडे चेंबर म्हणतात आणि तिच्या बुडाशी असलेल्या बोल्टला चेंबरचा नट. तो नट सोडला की काळी धार घमेल्यात पडते. भाऊजी ती दोन बोटांत चोळतात, हुंगतात, डोळे मिटतात आणि वैद्यानं नाडी पाहावी तसा निकाल देतात. तोवर फाटकाशी गल्लीतले लोक डबे घेऊन उभे असतात. कोणाला जळकं ऑइल चौकटीला लागलेल्या उधईवर, म्हणजे वाळवीवर, लावायचं असतं, कोणाला बैलबंडीच्या आसाला. पौर्णिमेची खीर वाटावी तसं भाऊजी ते वाटतात, आणि तिथेही कोणाचा डबा अर्धा भरून पाठवत नाहीत. मग नवं ऑइल, आणि खालून नट आवळायचा. पाना फिरवताना त्यांच्या तोंडून "अजून एक" असं निघतं. तेच, वरणासारखं.

पण लोखंडाला नको म्हणता येत नाही. दर वेळच्या त्या आणखी एका आट्यानं चेंबरच्या भोकातले आटे झिजत गेले आणि दगा द्यायला त्या आट्यांनी नेमका माझ्या मुलाच्या साक्षगंधाचा दिवस निवडला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी, मंगरूळपीरला. ताई नवी पैठणी नेसून, आहेराची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. कारंजा ओलांडलं आणि थोड्या वेळानं गाडीत लाल दिवा लागला. भाऊजींनी लगेच गाडी थांबवली म्हणून इंजिन वाचलं. खाली वाकून पाहतात तर नट गायब, आणि मागे रस्त्यावर लांबच लांब काळी रेघ. ताईही पाहायला म्हणून वाकली आणि पैठणीचा पदर त्या रेघेत बुडाला. शेवटी मुलाची मोठी मावशी तुरीच्या पोत्यांवर बसून, ट्रॅक्टरमधून, अंगठ्या घालून झाल्यावर मांडवात उतरली. उतरल्या उतरल्या सगळ्या पाहुण्यांसमोर ती एवढंच बोलली, "त्या गाडीत मी आता पाय ठेवत नाई. रातभर खाली पेपर आंथरा. ज्या सकाळी तो कोरा निंगन, त्या सकाळी बसीन."

माझी बहीण भांडत नाही. भांडली असती तर प्रकरण आठवड्यात मिटलं असतं. ती शांतपणे एसटीनं फिरू लागली. आता कोणताही शहाणा नवरा अशा वेळी काय करील? तिच्यासोबत एसटीत बसेल किंवा घरी राहील. आमच्या भाऊजींनी तिसराच मार्ग काढला. ताई बसमध्ये आणि बसच्या मागे भाऊजी, रिकामी गाडी घेऊन! बस थांबली की गाडी थांबायची. थांब्यावर भाऊजी उतरणार, फुटाण्याचा पुडा बसच्या खिडकीतून ताईच्या हातात देणार आणि परत गाडीत जाऊन बसणार. ताई पुडा घ्यायची, बोलायची नाही. त्या रस्त्याचे कंडक्टर त्यांना चांगले ओळखू लागले होते. एकदा गर्दीमुळे चार प्रवासी बसमध्ये चढू शकले नाहीत, तर कंडक्टरनं त्यांना सरळ मागच्या गाडीकडे पाठवलं, आणि भाऊजींनी त्यांना कारंजापर्यंत आणून सोडलं, फुटाण्यासकट. मी म्हटलं, भाऊजी, लोक हसतात हो. तर म्हणाले, हसू दे, ती एकटी जाऊन राह्यली ना.

इकडे नटावर उपाय चालूच होते. नवा नट आणला, तो बसला पण झिरपू लागला, कारण रोग नटात नव्हता, भोकात होता. नटाला नळाची पांढरी टेप गुंडाळून झाली. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून लावून झालं. मग एक दिवस पोस्टातली विद्या आठवली आणि या गृहस्थांनी नटाला सुतळी गुंडाळून वरून चक्क लाख ओतली. शिक्का तेवढा मारायचा राहिला. इंजिन तापलं, लाख पातळ झाली आणि नटासकट सगळं घमेल्यात आलं. रोज रात्री गाडीखाली पेपर अंथरायचा, रोज सकाळी त्यावर काळे ठिपके. ताई दारातून एकदा पेपर बघायची, पर्स उचलायची आणि स्टँडकडे चालायला लागायची. तिच्यामागे चावी हातात घेऊन निघालेले भाऊजी पाहिले की मला राग यायचा, तो नक्की कोणाचा हे मात्र कळायचं नाही.

मुलाचं लग्न जवळ आलं. बस्त्यासाठी आम्ही कारंजाला जमलो. ताई बसनं आली, भाऊजी बसमागून. मी शालूंच्या ढिगात बसले होते, तेवढ्यात भाऊजी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, लग्नाले ती माह्या बाजूले बसून आली पायजे. एवढं एक काम कर, माह्यासंगं चाल." हा माणूस कोणाला काम सांगत नाही. मी ताईला शालूंपाशी सोडून उठले.

स्पेअर पार्टच्या दुकानात भाऊजींनी खिशातून रुमाल काढला. रुमालाला अर्थातच गाठ, ती सोडायला दुकानदाराची पक्कड लागली. आत जुना नट. दुकानदारानं नट मांडायला सुरुवात केली आणि भाऊजी मुलगी बघायला आल्यासारखे सावरून बसले. पहिला होता लोहचुंबकाचा. त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो म्हणे. भाऊजींना तो फार आवडला, पण झिजलेल्या भोकात तोही हलणारच. दुसरा रबराचा, फुगून बसणारा. त्याला त्यांनी दोन बोटांत दाबलं आणि ट्यूबचा अनुभव आठवून परत केला. तिसरा होता एक नंबर मोठा, तोंडाशी धार असलेला. जुने आटे गेले असले तरी हा आत शिरताना स्वतःचे नवे आटे स्वतः पाडतो. भाऊजींचा चेहरा पडला. झिजलेल्या चेंबरमध्ये मोठा नट घुसवायचा म्हणजे जखमेत बोट घालण्यासारखं त्यांना वाटत होतं. त्यांनी तो उन्हात नेऊन पाहिला, जुन्याशेजारी ठेवून पाहिला, माझ्या तळहातावर ठेवून माझं मत विचारलं. हाती नव्या सुनेच्या साड्यांची पिशवी आणि तळहातावर नट, अशी मी उभी. मी म्हटलं, हाच घ्या, तोंडावर तेज आहे. ते गंभीरपणे हो म्हणाले. निघताना दुकानदारानं बजावलं की तांब्याचा वायसर, म्हणजे नटाखालची चकती, नवा लावा, नट सरळ धरा आणि मायबाप, जास्त आवळू नका. शेवटचं वाक्य ऐकून भाऊजी थोडे दुखावले.

शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून त्या संध्याकाळी मी ताईसोबत कामरगावला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लुंगी, खाकी शर्ट, पोतं, घमेलं. ताई चहाचा कप घेऊन ओट्यावर येऊन बसली. इतके दिवस ती गाडीकडे पाठ करूनच बसायची. भाऊजी खाली शिरले. आम्हाला दिसत होते फक्त त्यांचे दोन पाय आणि ऐकू येत होता पान्याचा आवाज. नट हळूहळू आत जात होता. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. भाऊजींनी इतक्या नाजूकपणे काही केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग नट बसला. आवाज थांबला. आणि मी बघते तर त्यांच्या पायाची बोटं ताणली गेली. मला कळलं, आता येणार ते "अजून एक". नवे आटे गेले की चेंबरच गेलं, आणि लग्नाला ताई बसनं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी ताई बोलली.

"आता ऱ्हाऊ द्या."

खालून आवाज आला, "अवं, थोडंसंच..."

"नाई. तेवढंच पुरे हाय त्याले."

पाय तसेच ताणलेले राहिले. एक क्षण वाटलं, ऐकत नाही हा माणूस. मग पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला आणि भाऊजी खालून बाहेर आले. कपाळाला ऑइल, डोळ्यांत अशी भीती की जणू लेक एकटी परगावी शिकायला धाडली. त्यांनी नवं ऑइल भरलं, गावाला एक चक्कर मारली, गाडी जागेवर लावली आणि पेपर अंथरला. रात्री जेवताना मला एकदाच वाढलं. यावरून त्यांच्या मनाची अवस्था समजावी.

सकाळी मी उठले तेव्हा ताई गाडीशी उभी होती. वाकून तिनं पेपर ओढून काढला, उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. कोरा. राशिभविष्यापासून छोट्या जाहिरातींपर्यंत एक ठिपका नाही! भाऊजी फाटकाशी उभे होते, पण जवळ यायची हिंमत होत नव्हती. लग्न पार पडेपर्यंत दोघांनी आमच्याकडेच राहायचं ठरलेलं होतं. ताईनं पेपरची घडी घातली, आत गेली, साक्षगंधाची तीच पैठणी नेसून आली. डाग लपेल असा पदर घेतलेला. आली आणि पुढचं दार उघडून बसली. दार अलगद ओढून घेतलं. भाऊजींनी मात्र गल्लीतल्या प्रत्येक घरासमोर हॉर्न वाजवला. दारादारात माणसं उभी राहिली, कोणी जय भीम घातला, कोणी नुसते हात हलवले, आणि मी मागच्या सीटवर आहेराच्या पातेल्यांमध्ये दबून वरातीतल्या करवलीसारखी हसत होते. कारंजाच्या पुढे एसटी दिसली. इतके महिने जिच्या धुरात हा माणूस चालला, तिला भाऊजींनी हॉर्न देत, भरधाव, थाटात मागं टाकलं. कंडक्टरनं ताईला पुढच्या सीटवर पाहिलं आणि अर्धं अंग खिडकीबाहेर काढून टाळ्या वाजवल्या. भाऊजी मान ताठ करून समोर बघत होते, पण मला आरशात दिसत होतं, डोळे पाण्यानं भरले होते.

लग्न थाटात झालं. पंगती उठल्यावर संध्याकाळी मी आणि ताई मांडवात खुर्च्यांवर पाय सोडून बसलो. समोर भाऊजी येईल त्या पाहुण्याला गाडीखाली वाकायला लावून कोरडं चेंबर दाखवत होते. मी म्हटलं, ताई, जिंकलीस बाई, सुटलीस एकदाची त्या एसटीतून. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

"एसटीत मी मांगच्या बाकड्यावरच बसाची," ती म्हणाली. "लय आदळे, कंबर मोडे. पण मांगच्या काचातून हे दिसत. लग्न झाल्यापासून हे पुढं अन् मी मांगं चालली. स्टँडवर, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडं. ह्या वर्षी पह्यल्यांदा हे माह्या मांगं आले. म्या वळून पाह्यलं की हायेतच."

आता दोघं गाडीनंच येतात जातात, शेजारी शेजारी बसून, आणि भाऊजींचा ऊर अभिमानानं भरून येतो. ताईचं ते बोलणं मी अजून त्यांच्या कानावर घातलेलं नाही. घातलं तर हा माणूस उद्याच्या उद्या तिला एसटीत बसवून देईल आणि गाडी घेऊन मागून निघेल.