किटलीवरचे स्क्रू

कोंढ्याच्या त्या रेडिओ मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलंच नाही. नवा गम आणला की आधी तो त्या गमने शेजारच्या टपरीवरच्या चहाच्या किटलीला एक स्क्रू चिकटवायचा. आठ दिवसांत स्क्रू गळाला, तर गम फेकून द्यायचा.

आमच्या नाटक मंडळाच्या अँप्लिफायरमधला ट्रान्झिस्टर तापून सुटला, तोही नेमका प्रयोगाच्या दिवशी. मी म्हणालो, "कोणत्याही गमनं चिकटवा ना, आज रातभर टिकला तरी झालं."

"पडदा पडेपर्यंत टिकणारा गम मी ठेवत नाही ना भाऊ. याले वाळाले उद्याची सकाळ होते."

अँप्लिफायर त्याच्याकडेच वाळत ठेवून, त्याला शिव्या घालत आम्ही माइकशिवाय, बेंबीच्या देठापासून संवाद म्हटले.

मंडळ कधीचंच पांगलं. परवा तो अँप्लिफायर उघडला आणि ट्रान्झिस्टर नखाने ओढून पाहिला. आमच्यातला तेवढा एकच अजून जागेवर होता.